ताणावरची चार झाडं

पदवीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने आम्हाला दोन-तीन महिने गेवराईकडच्या एका सरकारी उद्यानात पाठवलं. इंटर्नशिप असं भारदस्त नाव. काम काय, तर झाडांना नावाच्या पाट्या लावायच्या, वही भरायची आणि शेवटी प्रमाणपत्र घेऊन घरी यायचं. आमच्या घरात शेती नव्हती. मोसंबी गाड्यावर मिळते, यापलीकडे मला तिची माहिती नव्हती. पण झाडांची लॅटिन नावं तोंडपाठ, त्यामुळे तोरा मोठा.

तिथले माळी चाचा त्याच वर्षी निवृत्त होणार होते. बागेच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतः कलम बांधून वाढवलेली मोसंबीची चार झाडं होती. दोन वर्षं फळ धरलं नव्हतं आणि उद्यानाच्या साहेबांना त्या जागी सेल्फी पॉइंट हवा होता. चाचांनी हातापाया पडून एक बहार मागून घेतला होता. यंदा फुलली तर झाडं राहणार, नाहीतर कुऱ्हाड. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

डिसेंबरात बघते तर त्या चार झाडांचंच पाणी बंद. बुंध्याभोवतीची आळी उकरलेली, मुळ्या उघड्या, पानं पिवळी पडून गळतायत. मला वाटलं, जायची वेळ आली म्हणून म्हातारा अंग चोरतोय. विचारावं एवढंही सुचलं नाही मला. चाचा दुपारी नमाजला गेले की मी हौदातून बादल्या भरून झाडांना घालायचे, आणि ते रागावू नयेत म्हणून वर कोरडी माती पसरायचे. आठ-दहा दिवस हेच केलं. झाडं तरतरीत झाली, कोवळी पालवी फुटली. मी मैत्रिणींना फोटोही पाठवले.

ती पालवी बघून चाचा मटकन खाली बसले.

"ताण मोडला," ते म्हणाले. "मोसंबीला महिना-दीड महिना तहानलेलं ठिवावं लागतं, बेटा. तवा कुठं फूल धरती. ही तर नुसती पाल्यावर गेली. लई सांभाळून ताण दिलता मी. कुठं चुकलं, कळंना."

वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या पोरीला हे आधी सांगावं लागेल, असं त्यांच्या मनातही आलं नसणार. मी खाली मान घालून उभी. प्रमाणपत्रावर साहेबांची सही व्हायची होती. लाज वाटते सांगायला, पण गप्प बसण्याचं कारण एवढंच होतं.

फेब्रुवारीत फूल आलं नाही. झाडं तोडली. फांद्या चाचांनीच ओढून बाहेर नेल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

माझ्या शेवटच्या दिवशी शेजारच्या शिवारातला एक शेतकरी आला. आजूबाजूचे मोसंबीवाले वर्षानुवर्षं चाचांना विचारूनच पाणी तोडत.

"चाचा, पुढच्या बहाराला बाग कवा ताणावर सोडू?"

चाचांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "मला नको इचारू बाबा. माझा अंदाज गेला आता."

मी दोन पावलांवर प्रमाणपत्र घेऊन उभी होते. एक वाक्य बोलले असते, तर चाचांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास त्यांना परत मिळाला असता. मी चाचांना नमस्कार केला आणि बस धरली.