मसालेभात घेऊन पळालेले हुसेनमियाँ

सौदीतल्या जिझानमधल्या आम्हा मराठी कुटुंबांना शुक्रवारी मिनीबसमधून फिरवणारे हुसेनमियाँ मूळचे श्रीवर्धनचे, आणि पक्के भित्रे. वीस वर्षांत एक अपघात नाही, कारण काटा कधी साठच्या वर नाही. उंटसुद्धा आपल्याला ओव्हरटेक करतो, असं माझा नवरा अरविंद त्यांच्या तोंडावर म्हणायचा.

गेल्या एप्रिलात वादीच्या, म्हणजे फक्त पावसात वाहणाऱ्या नदीच्या, काठच्या जंगलात गेलो. राष्ट्रीय उद्यान आहे ते. पुराचं पाणी पसरतं तिथेच बोरी-बाभळी माजतात. एरवी नदी म्हणजे कोरडी वाळू. अरविंदने नदीच्या मधोमध, एका बोरीखाली सतरंजी अंथरली.

"साहेब, वर चला. डोंगरात पाऊस झाला तर हितं पानी येल," हुसेनमियाँ म्हणाले.

"आभाळात ढग नाही. मी पाइपलाइनचा इंजिनियर आहे, मला पाणी शिकवू नका."

हुसेनमियाँनी डोक्यावरच्या फांदीत अडकलेला, पुरात वाहून आलेला काडीकचरा दाखवला. अरविंदने घरटं समजून त्याचा फोटो काढला.

मग हुसेनमियाँनी गुपचूप मसालेभाताचं पातेलं उचलून बसमध्ये ठेवलं आणि बस टेकाडावर नेली.

आम्ही पोरांना ओढत, शिव्या घालत मागोमाग चढलो. धोक्यासाठी न उठलेली माणसं भातासाठी उठली. अरविंदने चढता चढता हुसेनमियाँच्या मालकाला, म्हणजे कफीलला, ॲपमधून अरबी करून मेसेज टाकला: ड्रायव्हर जेवण घेऊन पळाला, हा माणूस नको. हुसेनमियाँचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्याच महिन्यात संपत होता. कफीलने नवा केला नाही तर थेट श्रीवर्धन.

आम्ही वर पोचून धापा टाकतोय तोच खाली घरघर झाली. मातकट पाणी आलं आणि सतरंजी घेऊन गेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इतक्यात हुसेनमियाँचा फोन वाजला. पलीकडून कफील ओरडत होता. 'खलास' एवढं मलाही कळलं. हुसेनमियाँचा चेहरा पडला.

अरविंदने फोन हिसकावला. त्याचं अरबी भाजी आणण्यापुरतं. "अना हिमार!" तो ओरडला. मी गाढव! "हुसेन जैद!" हुसेन चांगला! "अना हिमार, हिमार!"

लग्नाला सतरा वर्षं झाली, हे वाक्य मला मराठीतसुद्धा ऐकायला मिळालं नव्हतं.

पलीकडे कफील खो खो हसायला लागला. हुसेनमियाँ फोनवर दोन शब्द बोलले आणि बसच्या पायरीवर बसून डोळे पुसायला लागले.

"इकामा करतो म्हनला," ते म्हणाले.

अरविंदने पहिलं ताट त्यांना स्वतः वाढलं.