भिंगरी आणि उघडी फ्लॉपी

घरात त्याला सगळे भिंगरीच म्हणत. जेवताना दोनदा उठणार, बोलताना फेऱ्या मारणार, हाताला काही लागलं की त्याची खुटखुट सुरू. बिघडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून त्याचं पोट चाले. काही बिघडलेलं नसलं की हाच बिघडायचा.

त्या आठवड्यात मात्र त्याचा जीव खरंच थाऱ्यावर नव्हता. थोरल्या वहिनीच्या कारखान्यात भरतकामाचं नवं मशीन आलं होतं. दोरा तुटला की ते पुढचा टाका घालायचं सोडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. फुलावर फूल, कापड वाया. मशीन चालवायची धाकटी वहिनी. "हीच चुकीचं बटण दाबते," असं थोरली चार बायकांसमोर बोलली, आणि धाकटीने वेगळी चूल मांडायचं ठरवलं. दोघींपैकी एकीलाही गमावणं भिंगरीला सोसणार नव्हतं.

त्याने केबल बदलली, प्रोग्राम पुन्हा घातला. काही उपयोग नाही. वैतागून तो मशीनमधली नक्षीची फ्लॉपी काढून, हातात घेऊन येरझाऱ्या घालू लागला. तिच्या कोपऱ्यातल्या इवल्याशा खिडकीची पट्टी बोटाने उघड, बंद, उघड, बंद. मग फ्लॉपी परत घातली आणि मुद्दाम दोरा तोडला. मशीन तुटल्या टाक्यापासून निमूट पुढे गेलं.

या वेळी खिडकी बंद राहिली होती. कुठे थांबलो ते मशीन फ्लॉपीवर लिहून ठेवत असे, आणि खिडकी उघडी असली की फ्लॉपी लिहूच देत नसे.

"वहिनी, ही पट्टी कोण सरकवतं?"

"मीच, रोज सकाळी नव्या नक्षीची फ्लॉपी घालताना," थोरली म्हणाली. "मशीनवाला म्हणाला होता, फ्लॉपी लिहायला मोकळी ठेवा. आपल्या जुन्या मशीनच्या मोठ्या फ्लॉपीची खाच उघडी ठेवायचो ना, तसंच."

दारात धाकटी उभी होती. वायर सैल होती म्हणावं, असं भिंगरीच्या मनात आलं. थोरलीनेच त्याला लहानाचा मोठा केला होता.

"लहान फ्लॉपीचं उलटं असतं, वहिनी. उघडी म्हणजे कुलूप."

थोरली धाकटीला हळूच म्हणाली, "चुकलं माझं. चल, बस मशीनवर."

धाकटी हलली नाही. "बोललात चार बायकांसमोर. मग चूक कोपऱ्यात का कबूल करता?"

संपलं आता, असं भिंगरीला वाटलं. थोरली उठली, शिलाईच्या खोलीचं दार उघडलं आणि आतल्या बायकांना मशीनं थांबवायला सांगितलं.