पारबतानं सांगितलेला शेवट

त्या दिवशी पारबताच्या खोलीत आमी एवढे जन होतो... खाटेवर पारबता, उशाशी बल्लारपूरवरून आलेली तिची लहान बहीण कौसल्या, दारात पोरगा दिलीप, पिठाच्या हातानंच येऊन उभी राह्यलेली सून वनिता, आन पायथ्याशी मी. कोपऱ्यात टीव्हीवर कोणता तरी सिनेमा चालू होता. तो बंद कराचं कोणाले सुचलं नाई, आन पारबताचे डोळे तं तिकडेच होते. बोलणं तिचं आधीच बंद झालं होतं. सिनेमातली माय आपल्या लेकराले शोधून राह्यली होती, आता भेटन का मंग भेटन असं झालं, तवा पारबतानं खाटेच्या पाटीवर बोटानं टकटक केलं. दिलीप मनला, पाणी पाहिजे का माय? तिले पाणी नोको होतं. मले समजलं. मी उठली आन टीव्ही बंद केला. तिनं माझ्याकडे पाहून हासल्यासारखं केलं. जेवणाच्या टायमाच्या आधीच गेली ते.

आता महिना होऊन गेला. पेपरात मोठ्या लोकायवर लिहून येते, ते मी वाचते. पारबता काई मोठी नवती. तळ्यातली मच्छी टोपलीत घेऊन मूल गावच्या बाजारात विकणारी ढिवराची बाई. मी चौथी शिकली, तिनं शाळेचं तोंड पाह्यलं नवतं. आमी बौद्ध, आमचं घर तळ्याच्या पारीच्या, म्हणजे बांधाच्या, या टोकाले, तिचं त्या टोकाले. पण या एका बाईपुढं मी आजही हात जोडते. काऊन, ते सांगाले बसली आहे. जसं बोलते तसंच लिहिलं, सांभाळून घ्या.

ऐंशी सालानंतरच्या गोष्टी आहेत. मीही तिच्यासंग मूलच्या बाजाराले जात होती. बाजाराच्या दिवशी मच्छी लवकर खपली का पारबता टोपली धुवून टाकीजच्या दारात उभी. दुपारचा खेळ. बायायले बसाले वेगळी बाकडी होती, तिथी आमी मच्छीच्या वासाच्या दोघी एका कोपऱ्यात. पण आमच्या गावाकडे जाणारी शेवटची एसटी सिनेमा सुटाच्या आधीच निघे. तवा शेवट म्हणून आमी कदी पाह्यलाच नाई. हिरो पहाडावर चढला का पारबता उठली. हिरोईनीच्या लग्नाचा मांडव पडला का पारबता उठली. पळत स्टँडवर, गाडीत बसलो का मंग ते शेवट सांगे, जसा काई पाहूनच आली. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पारीवर बायायले पुरा सिनेमा सांगे, तिच्या शेवटासकट.

तिचं पाहणंही वेगळं होतं. मारामारीत तिचा जीव रमत नवता. मने, "हा मानूस सकाळपासून भांडून राह्यला, यानं जेवलं कवा?" हिरोईन भांडे घासाले बसली का पारबता आधी तिचे हात पाहे. हात कोवळे दिसले का मने, हिले कामाची सवय नाई, हे उद्या घरी पळून जाते. गाण्याचं तिचं असं, का जे गाणं टोपली डोक्यावर घेऊन म्हणता येते तेच गाणं खरं, बाकीचं नुसतं वाजवणं. व्हिलन मात्र तिले आवडे. मने, तो बिचारा काम तं करते.

एकदा गावातला गोविंदा बुढा चांद्याले, म्हणजे चंद्रपूरले, पोरीच्या घरी गेला, तिथी त्यानं एक सिनेमा पाह्यला, आन पारीवर येऊन सगळ्यायसमोर मनला, "पारबते, तू मनली हिरो वाचला. तो तं मरते ना वो." पारबता जाळं झटकता झटकता मनली, "तुमच्या चांद्याले मेला असन भाऊ. आमच्या मूलले जिवंत आहे." सगळे हासले. पण तुमाले खोटं वाटन, गावाले ते पटलं. मंडईच्या जत्रेत नाटकवाले येतेत, ते एका गावात एक शेवट करतेत, दुसऱ्या गावात दुसरा. मंग सिनेमावाल्यायनं काऊन करू नये? आमच्या गावात कितीक वर्षं लोक असंच समजत होते, का जशी टाकीज तसा शेवट. मीही समजत होती.

आता माझं सांगते. माझा नवरा, रंजनाचा बाप, जंगलात बांबूच्या कटाईले गेला होता, झाड अंगावर आलं. बंडीत टाकून आणला त्याले. रंजना तवा नुकती चालाले लागली होती. तिच्या मांगचं पोरगं पोटात होतं, ते जन्मलं आन पावसाळ्यात तापानं गेलं. सासऱ्यानं चूल वेगळी करून देली. मी रोजगार हमीवर मुरूम फोडला, मोहफुलं वेचली, तेंदूपत्त्याले जंगलात गेली. कामाचं मले काई वाटत नवतं, काम तं सगळ्याच बाया करत होत्या. पण रडू येणं बंद झालं होतं. आन भूक लागणं बंद झालं होतं. रंजनाले घास भरवत होती, माझ्या तोंडात घास फिरत राहे... पारबता रोज सांजेले पारीवरून चालत येई, चुलीजवळ बसे, माझ्या ताटात किती उरलं ते पाहे आन जाये.

एका बाजाराच्या दिवशी मी मनात ठरवून निघाली, का आज सांजेले परत आली का तळ्यात जाचं. रंजनाले न्हाऊ घातलं, वेणी घातली, ठेवणीतली लाल फीत बांधली आन पारबताच्या मायजवळ सोडलं. पारबतानं ते फीत पाह्यली. "आज काई सण आहे का वो?" मनली. मी मनली, नाई. बस, एवढंच बोलणं झालं.

मूलले मच्छी खपली, पण त्या दिवशी पारबता टाकीजकडे वळेच ना. मनली, आज नोको, दुसऱ्या बाजाराले पाहू. मी कदी तिच्याजवळ कशाचा हट्ट केला नवता, तवा केला. मले वाटलं, एक सिनेमा तेवढा पाहून घ्याव. ते लय वेळ माझ्याकडे पाहत राह्यली, मंग मनली, चाल.

सिनेमात एक बाई होती, माझ्याच वयाची. नवरा मेलेला, घरच्यायनं बाहेर काढलेलं, एक पोरगी. मी तं हललीच नाई जागेवरून. असं वाटलं का माझंच कोणी लिहून नेलं. मंग ते बाई झोपलेल्या पोरीच्या अंगावर पांघरूण घालते आन नदीकडे जाते. नदीच्या काठाले उभी राहते. तवाच पारबतानं माझं मनगट धरलं. "उठ वो सुमन, गाडी जाते." मी मनली, थांब, मले पाहू दे ते काय करते. "गाडी जाते मनलं ना." एवढ्या जोरानं ओढलं तिनं, का माझी एक बांगडी फुटली.

स्टँडवर आलो तं गाडी लागलीच नवती. आमी बाकड्यावर बसलो. पारबतानं फुटाण्याची पुडी आणली, माझ्या मांडीवर ठेवली. मी हात लावला नाई. ते चूप. पारबता कदी एवढी चूप मी पाह्यली नवती. लोक आले, बसले, सांज उतराले लागली, तवा कुठी गाडी आली. मले वाटलं, गाडीच आज उशिरा आली असन.

गाडीत बसल्यावर मीच इचारलं. "मेली असन ना ते?"

"नाई," पारबता मनली.

"मंग?"

"पाण्यात गेली ते. गुडघ्याएवढ्या पाण्यात गेली, तं पायाले काईतरी गुतलं. पाहते तं जाळं. कोण्या ढिवरानं लावून ठेवलेलं. आता जाळं फाडून कसं जाव? कोणाच्या पोटाचं आहे. मंग वाकली आन एकेक फास सोडवत बसली. सोडवता सोडवता उजाडलं. तं जाळंवाला आला. मनला, काऊन वो बाई, माझ्या जाळ्यात काऊन पाय टाकला? सारी मच्छी पळवली. हे मनली, तुले जाळं लावाले दुसरी जागा नाई भेटली का? झालं, लागले दोघं भांडाले. एवढी भांडली, एवढी भांडली, का तिले भूक लागली."

"मंग?"

"मंग काय. भूक लागली तं घरी गेली. भात मांडला. पोरगी उठली, दोघी जेवल्या."

"आन गाणं?"

"भूक लागल्यावर कोण गाणं म्हणते वो?"

मी हासली. रंजनाचा बाप गेल्यापासून पहिल्यांदा हासली, गाडीतले लोक पाहाले लागले. मांडीवरची पुडी तशीच होती. मी एक फुटाणा तोंडात टाकला, मंग दुसरा. गाव येतपर्यंत पुडी खाली. पारबता खिडकीबाहेर पाहत होती, माझ्याकडे तिनं पाह्यलंच नाई. त्या सांजेले मी पारबताच्या मायजवळून रंजनाले उचललं, घरी आली, भात मांडला. मंग दुसऱ्या दिवशीही मांडला. असंच मांडत राह्यली... रंजना आज अंगणवाडीत शिकवते. तिचीही पोरं मोठी झाली.

पारबताच्या तेरवीले बायायमध्ये बसून मी हेच सांगून राह्यली होती, का असा असा सिनेमा होता, आन बाईच्या पायाले जाळं गुतते. कौसल्या ऐकत होती. मनली, "कोणता? त्या नदीवाल्या बाईचा? जाळं कुठी आहे बाई त्यात?" मी मनली, पारबतानं सांगितलं होतं. कौसल्या मनली, "तिनं तं तो माझ्यासंग बल्लारपूरले पाह्यला. पुरा पाह्यला. माझ्याकडे आली होती तवा, आमाले तिथी काई गाडी पकडाची नवती. घरी येऊन जेवली नाई ते. मले मने, हा सिनेमा मूलले येऊ नये वो, आमची सुमन आहे तिथी... कारण शेवटी ते बाई..."

मी तिच्या तोंडावर हात ठेवला. मनली, नोको सांगू.

"काऊन?"

"मले मालूम आहे शेवट."

तवापासून माझ्या मनातून ते जात नाई. पारबताले सगळं मालूम होतं. तरी ते अंधारात माझ्या बाजूले बसली. मी पडदा पाहत होती, ते मले पाहत असन. कोणत्या घडीले उठाचं ते तिले पक्कं मालूम होतं, आन गाडी जाते ते खोटं होतं, गाडी लागलीच नवती. आन त्या बाकड्यावर ते चूप बसली होती ना... तवा ते शेवट करून राह्यली होती. तिच्याजवळ काय होतं? तळं होतं, जाळं होतं, भात होता. तेवढ्यातच केला. आन मंग चाळीस वर्षं आमी पारीवर संगं बसलो, हजार गोष्टी बोललो, पण हे तिनं एकदाही सांगितलं नाई. तिच्याएवढी मोठी बाई मी पाह्यली नाई.

आमच्या घरी टीव्हीवर सिनेमा लागते. पोरं मन लावून पाहतेत, मीही पाहते. शेवट आला का माझे पाय आपोआप उठतेत. रंजना मने, "आई, बस ना, आता कोणती गाडी जाते तुझी?" मी आंगणात येऊन बसते. तिथून पार दिसते, पारबताचं घर दिसते, कुंपणावर दिलीपनं वाळत घातलेलं तिचं जाळं दिसते. तिथी बसून मी आपला शेवट करते. तिच्यासारखा साधत नाई.

त्या सिनेमाचं नाव मी जाणूनबुजून लिहिलं नाई. वाचणाऱ्यायपैकी कोणी तो पाह्यला असन, तं एवढ्या सांगण्यावरून ओळखन. त्यायले माझी एकच विनंती आहे. कदी भेटलो तं मले शेवट सांगू नका.