चालायच्या शर्यतीत शेवंताबाई

तळेगाव ढमढेऱ्याच्या शेवंताबाईंनी साठी ओलांडली, तरी चाल काही मंदावली नव्हती. फुलांची पाटी डोक्यावर घेऊन त्या बाजाराला निघाल्या की बरोबरच्या बाया मागं पडायच्या. त्यांची नात ऋतिका शिरूरला खेळाच्या शिक्षणाचा कोर्स करत होती. तिनं आजीची चाल हेरली आणि पुण्यातल्या ज्येष्ठांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत, चालण्याच्या शर्यतीला, तिचं नाव देऊन टाकलं.

"देशोदेशीच्या म्हाताऱ्या पुण्यात चालायला येणार? त्यांच्या गावाला रस्तं न्हाईत व्हय?" शेवंताबाईंना काही उमगेना.

ऋतिकाच्या परीक्षेला हाच इतिहास होता. शेवंती तोडता तोडता तिनं सुरुवात केली. फार पूर्वी ग्रीस देशात, ऑलिम्पियाला, देवाच्या नावानं खेळ भरायचे. धावणं, कुस्ती, रथांच्या शर्यती. लढाया चालू असल्या तरी खेळाला जाणाऱ्याची वाट कुणी अडवायची नाही, असा करार असायचा.

"आन् खेळ झाल्यावर?"

"परत लढाया."

"एका मांडवात बसून आल्यावर परत लढायचं?" शेवंताबाईंनी कपाळाला हात लावला. "बाया कुठं व्हत्या तवा?"

"लग्न झालेल्या बाईला बघायलासुद्धा मनाई. कुमारिकांना चालायचं."

शेवंताबाईंचा हात फुलावरच थांबला. शाळेत असताना तालुक्याला धावण्यात त्या पहिल्या आल्या होत्या. मग लग्न ठरलं आणि पळणं सुटलं. "म्हंजी तिकडं बी असंच व्हतं?" त्या बायांची कीव करावी का स्वतःची, हेच त्यांना कळेना.

ऋतिका मात्र रंगात आली होती. ते खेळ बंद पडले, शेकडो वर्षांनी १८९६ साली अथेन्सला नव्यानं सुरू झाले. तेव्हाही बाया नव्हत्याच, त्या पुढच्या खेपेला आल्या. मग कॉमनवेल्थचे खेळ निघाले, दिल्लीत पहिलं एशियाड भरलं आणि आता तर वय झालेल्यांचेही खेळ भरतात.

"येवढ्या जत्रा? आन् आमच्या जत्रंचा देव कोण?"

ऋतिकानं फुलांची पाटी उचलून आजीच्या डोक्यावर दिली.

शर्यतीच्या सकाळी तिनं पुन्हा पुन्हा बजावलं, "आजे, एक पाय कायम जमिनीवर पाहिजे. पळायचं न्हाई."

शेवंताबाई काष्टा मारून, पायात नवे बूट घालून उभ्या राहिल्या. शिट्टी झाली. पुढं श्रीलंकेची एक सडसडीत बाई कंबर हलवत चालली होती. तिला गाठायचं या नादात पाय कधी सुटले, ते शेवंताबाईंनाही समजलं नाही. वाटेत पंचानं इशाऱ्याची पिवळी पाटी दाखवली. ती शाबासकी समजून त्यांनी हात हलवला आणि आणखी जोर केला. पदर सुटला, वारा कानात शिरला. सगळ्यांच्या आधी त्यांनी रेघ ओलांडली, तर समोर लाल पाटी.

"बाद," ऋतिका धापा टाकत म्हणाली.

"पुढं आले म्हणून?"

"पळालीस म्हणून."

"शर्यतीत पळायचं न्हाई? ह्ये कसलं गं?"

श्रीलंकेच्या बाईनं येऊन त्यांना मिठी मारली आणि आपल्या भाषेत हसत काहीबाही सांगितलं. शेवंताबाईंनी मराठीत उत्तर दिलं. एकीचं दुसरीला कळलं नाही, पण हात लवकर सुटले नाहीत.

घरी त्यांचे मालक सोपानराव दारातच उभे होते. "कितवा नंबर?"

"पयली आले. पर नंबर न्हाई."

"म्हंजी जिकलीस का हरलीस?"

"मला तरी कुठं ठावं?" शेवंताबाई ओट्यावर टेकल्या. बूट काढता काढता त्यांनी नातीला विचारलं, "तिथं पळायची शर्यत बी व्हती ना गं? मंग मला चालायला का घातलंस?"

ऋतिका ओशाळली. "तुला पळताना मी कवा बघितलंच नव्हतं, आजे."

शेवंताबाई आपल्या सुजलेल्या पावलांकडं बघत राहिल्या. "व्हय," त्या म्हणाल्या, "कुणीच न्हाई बघितलं."

सोपानरावांनी पाण्याचा तांब्या पुढं केला.