व्याह्यांचं दीड मिनिटाचं घर

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस सोलापूर जिल्ह्यात दुसरा नसेल; असला तर त्याच्या घरात मी मुलगी दिलेली नाही, एवढंच. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये जन्म काढला, त्यामुळे सगळं मापात. चपला काढल्या तरी दोन्ही टाचा एका रेषेत. पोहे खाताना शेंगदाणे बाजूला काढायचे आणि शेवटी सगळे एकदम खायचे. रिटायर झाल्यावर ते सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात माझ्या लेकी-जावयाकडे भाड्याच्या घरात राहायला आले, आणि नेमका माझ्या घरासमोरचा प्लॉट घेतला. मग ठरवलं, की घराचा पाया खणल्यापासून रोज सकाळी सातला एकाच जागेवरून एक फोटो काढायचा आणि शेवटी सगळे जोडून सिनेमा करायचा. वर्षाचं बांधकाम दीड मिनिटात. "विहीणबाई, घर भाकरीगत फुगताना दिसंल बघा!" ती एकच जागा म्हणजे माझी गॅलरी. घरात मी एकटी, त्यांना नको म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं.

मुलीच्या सासरच्यांना मान द्यावा लागतो. तो मी वर्षभर रोज सकाळी सातला दिला. त्यांनी स्टीलच्या डब्याला भोक पाडून काच बसवली, आत जुना मोबाईल ठेवला आणि डबा माझ्या कठड्याला बोल्टांनी आवळला. मोबाईलचा पडदा फुटून काळा पडलेला, पण बाजूचं बटण दाबलं की फोटो निघत होते. डबा हलला की सिनेमात घर नाचतं म्हणे. म्हणून त्या बाजूला पापड घालायचे नाहीत, साडी वाळत टाकायची नाही. एकदा माझा पदर उडून मध्ये आला. "आजचा फोटो लुगड्याचाच आला की!" "मग उद्या माझा काढा," मी म्हटलं. त्यांच्या चहाची कपबशी मात्र मी रोज त्याच कठड्यावर ठेवायची, तिच्याबद्दल कधी चकार शब्द नाही. काढलेले फोटो ते बघत नसत. शेंगदाण्यांसारखंच, सगळं शेवटी एकदम.

खरा घोळ पहिल्याच दिवशी झाला होता. भूमिपूजनाचा मुहूर्त नऊचा, बायको अजून कुर्डुवाडीच्या घरीच राहत होती, ती तिथून पूजेचं ताट घेऊन येणार होती. जेसीबी सातलाच आला. ऊन छान पडलेलं. व्याह्यांनी फोटो काढला आणि ड्रायव्हरला म्हणाले, "कर सुरू." बायको रिक्षातून उतरली तेव्हा समोर कंबरभर खड्डा. ताट हातात तसंच. म्हणाली, "माती पुजायच्या आत खणली? ह्या घरात मी पाऊल टाकणार न्हाय." आणि त्याच रिक्षाने स्टेशनवर गेली. पुढे वर्षभर व्याही माझ्या गॅलरीतून तिला फोनवर विनवायचे, "अगं, आता पुजूया की!" तिकडून यायचं, "आता काय खड्डा पुजू?" जोडप्याने पाटावर बसल्याशिवाय वास्तुशांत कशी व्हायची? पण व्याह्यांचा सगळा भरवसा सिनेमावर. "तिनं बघितलं की विरघळतीच."

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी ती आली, पण उतरली माझ्याकडे. "मी विहीणबाईंकडं आलीया, तिकडं न्हाय," हे चप्पल काढायच्या आतच सांगितलं. लेकीने फोटो जोडून टीव्हीवर लावले. खड्डा, खांब, भिंती, सगळं भराभरा वर येत होतं. व्याही टीव्हीकडे बघतच नव्हते, बायकोच्या तोंडाकडे बघत होते. तेवढ्यात पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात लाल-पिवळा डाग उमटला. स्लॅब पडला, गिलावा झाला, रंग लागला, डाग जागचा हलला नाही.

"काचेला काय लागलंय हे?" व्याही एकदम टीव्हीकडे वळले.

"हळदकुंकू," मी म्हटलं. "दसऱ्याला विळी पूजली, शिलाई मशीन पूजलं. तुमचा डबा काय म्हणून सोडायचा?"

"अवो, वर्षाची मेहनत घालवली की तुमी!"

"रोज बघितलं असतंत तर पुसता आलं असतं."

ते डोक्याला हात लावून बसले. बायको उठून टीव्हीजवळ गेली. "परत लाव गं," माझ्या लेकीला म्हणाली. दुसऱ्यांदा बघितलं. मग नवऱ्याकडे वळली. "तुमी न्हाय पुजलं. पर विहीणबाईंनी पुजलं. दसऱ्यापास्नं रोज सकाळी घराला कुंकू लागलंय." आणि लगेच म्हणाली, "उद्या पाटावर कुठलं लुगडं नेसू?"

व्याही नाक शिंकरायला गॅलरीत गेले ते बराच वेळ आले नाहीत.

आता सगळे समोरच राहतात. सातला व्याही त्यांच्या ओट्यावर बायकोच्या हातचा चहा पितात. तसंच असायला हवं. लेक कधीमधी सिनेमा लावते. डाग बघून झाल्यावर मला पडद्याच्या खालच्या कडेला ती चहाची कपबशी दिसायला लागली. रोज मी ठेवायची, रोज जागा थोडी वेगळी, त्यामुळे मागे घर चढत जातं आणि कठड्यावर कपबशी चिमणीसारखी टुणटुण उड्या मारते. दीड मिनिट झालं की थांबते.

डबा अजून माझ्या कठड्यावर आहे. काढून न्या म्हणून दोनदा सांगितलं. "येतो की," म्हणतात. काच मी पुसलेली नाही. येतील तेव्हा त्यांचं ते बघतील.