खंडेनवमीचा फेटा

आप्पांचा डोळा गेला तो माझ्या बारावीच्या निकालादिवशी. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते लोखंडाचा रस साच्यात ओतायचे. साचा ओला राहिला होता. रस उसळला आणि उजव्या डोळ्यात गेला. डोळ्यांवर सेफ्टीचा चष्मा नव्हता, कारण जुना फुटला होता आणि स्टोअरवाला "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणत होता. नावात पाच तारे होते, स्टोअरमध्ये चष्मा नव्हता.

जखम भरल्यावर मालकांनी त्यांना रसावरून काढून वाळूच्या कामावर घेतलं. नोकरी राहिली म्हणून आम्हीच उपकार मानले. त्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेला कामगारांना बायकापोरांसकट बोलावणं होतं. भट्टीला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. जेवणाआधी व्याख्यान होतं आणि त्यासाठी पुण्याहून एक वक्ता आणला होता. भट्टीच्या शेडमध्ये कोट आणि टाय घालून उभा राहिलेला तो पहिलाच माणूस असावा.

"इलेक्ट्रॉनकडे कुणी पाहिलं की तो वागणं बदलतो," तो म्हणाला. "हेच क्वांटम! जग तुमच्या मनावर चालतं. अपघात आधी मनात होतो, मग मशीनवर."

मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. इलेक्ट्रॉनकडे 'पाहणं' म्हणजे उपकरणानं त्याला धक्का देणं, आणि उपकरणाला मन नसतं, हे मला पुढे कळलं. मेंदूत क्वांटम शोधणारे शास्त्रज्ञही आहेत. खुशाल शोधू देत. पण चष्म्याऐवजी मन वापरा, असं त्यांच्यातल्या कुणी म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

मग मालकांनी आप्पांना स्टेजवर बोलावलं, फेटा बांधला, नारळ दिला. आमच्याकडच्या माणसाला चारचौघांत फेटा बांधला की त्याच्याकडून काहीही वदवून घेता येतं. वक्त्यानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, खरं सांगा. त्या क्षणी मनात काय होतं?"

आता चष्म्याचं निघणार, असं मला वाटलं. आप्पांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

"पोरीचा निकाल हुता की."

"बघा!" वक्ता ओरडला. "रस इथं आणि मन घरी!" शेड टाळ्यांनी दणाणली. सगळ्यांत जोरात मालक वाजवत होते. का वाजवणार नाहीत? त्यांच्या गळ्यातली धोंड काढून त्या माणसानं माझ्या गळ्यात बांधली होती.

परतताना एसटीत आई म्हणाली, "म्हंजे हिच्या निकालापायी गेला म्हणायचा डोळा." ती चेष्टा करत नव्हती.

पुढे दर खंडेनवमीला आप्पांना फेटा बांधून नव्या कामगारांपुढं उभं करू लागले. "माझं मन भटकलं, म्हणून डोळा गेला. तुमी मन जाग्यावर ठेवा," ते सांगायचे आणि खूश होऊन घरी यायचे. चष्मा मागणाऱ्याला स्टोअरवाला आप्पांचं उदाहरण द्यायचा.

एमएस्सीला असताना मी एकदा त्यांना समोर बसवून सगळं समजावलं. इलेक्ट्रॉन, उपकरण, ओला साचा, फुटका चष्मा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चष्मा नव्हता म्हणून गेला म्हंतीस?"

"व्हय, आप्पा."

"मग मालकानं एवढा मान कशाला दिला असता?"

तो फेटा चुलीत घालावा असं मला वाटलं. त्यांनी तो घडी घालून कपाटात ठेवला.

एमएस्सीचा निकाल लागला त्या सकाळी ते डबा घेऊन कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट बघत होते. मी धावत गेले. विद्यापीठात दुसरी आले होते.

"आप्पा, निकाल—"

त्यांनी हात वर केला. "नगं सांगू. कामावर चाललोय. आता एकच ऱ्हायलाय."

बस आली. ते चढले, खिडकीशी बसले आणि उरलेला डोळा त्यांनी माझ्याकडं वळवला नाही.