पिंजऱ्याची कडी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, पोटात दोन पेग गेल्यावर मित्रांजवळही नाही — आणि तशा वेळी मी बहुतेक सगळं बोलून टाकतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं. सोपं म्हणजे — बघू, जमतंय का.

आमच्याकडे एक ससा होता. पेढा. रंगावरून माझ्या मुलीनं, मुक्तानं ठेवलेलं नाव. ती तेव्हा तिसरीत होती. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, ते गवत चावून चावून झिजावे लागतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आम्ही त्याला पोळी आणि बिस्किटं घातली — लाड, दुसरं काय? पुढचे दात वाकडे झाले. खालचे बाहेर आले, वरचे आत वळून टाळूला टोचायला लागले. हनुवटी कायम लाळेनं ओली. भूक लागली की वाटीपाशी यायचा, हुंगायचा आणि तसाच बसून राहायचा.

आमच्या डॉक्टरबाई अधूनमधून त्याला गुंगी देऊन छोट्या मशीननं दात कापून द्यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "घरी कात्रीबित्री लावू नका हं. दात उभा चिरतो, पार मुळापर्यंत." मी मान हलवली. मनात म्हटलं, बाई, मी निफाडकडचा. न चिरता कसं छाटायचं, ते मला शिकवता?

सगळं इथंच आहे खरं तर. नोकरी माझी सातपूरच्या कारखान्यात, पण द्राक्षाच्या छाटणीला मी अजून गावी बागेत उतरतो. काडीवरचा डोळा बघायचा, त्याच्या जरा वर कात्री लावायची, खट. काडी कधी चिरत नाही. भाऊ म्हणतो, तुझ्या हाताला तोड नाही. त्या हाताचा मला माज होता. आणि त्याच हाताचं दुसरं कामही सांगतो — भिंतीवर फुटलेला रिमोट, कपाटाला पडलेली खोक. मी जेवायला बसलो की बायको पाण्याचा तांब्या हळूच माझ्यापासून लांब सरकवायची. माणसावर मात्र कधी हात उचलला नाही, असं मी चारचौघांत सांगायचो. हे काय सांगण्यासारखं आहे?

त्या वर्षी ऑक्टोबरची छाटणी उरकून मी घरी आलो तेव्हा कात्री पिशवीतच होती. डॉक्टरबाई बाहेरगावी गेलेल्या, पेढा आदल्या दिवसापासून उपाशी. मुक्ता शाळेत, बायको बाहेर. म्हटलं, दोन काप तर मारायचेत. कात्री उकळत्या पाण्यानं धुतली. पेढ्याला ओट्यावर धरलं, डाव्या हातानं डोकं दाबलं, ओठ वर केला आणि कात्री लावली.

खट — पण आवाज काडीचा नव्हता. दात उभा चिरला. हिरडीतून रक्त आलं आणि ससा ओरडला. तुम्ही सशाला ओरडताना ऐकलंय? मी ऐकलं नव्हतं. तान्हं मूल किंचाळतं तसं असतं ते. त्यानं मागचे पाय झाडले आणि माझं मनगट फाडलं.

इथं थांबायला हवं होतं ना? ते मला तेव्हाही कळत होतं. पण राग आला. ह्याच्या भल्यासाठी करतोय आणि हा मलाच ओरबाडतो? मी त्याला मागच्या पायांना धरून उचलला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. त्याच्या पाठीत काहीतरी मोडलं, ते माझ्या हाताला कळलं. तरी तो ओरडतच होता. मी पुन्हा आपटला. दुसऱ्यांदा राग नव्हता — फक्त तो आवाज बंद करायचा होता. बंद झाला.

मग माझं डोकं किती शांत चाललं, ते ऐका. ओटा धुतला. कात्री धुतली. मनगटाला पट्टी बांधली. बागेतली तार लागली म्हणून सांगणार होतो. भर दुपारी इमारतीमागं कुणी नसतं. पेढ्याला खाली नेऊन बरोबर आमच्या बाल्कनीखाली ठेवलं. फुटलेला दात, मोडलेली पाठ — दुसऱ्या मजल्यावरून पडल्यावर सगळं जुळत होतं. वर येऊन बाल्कनीचं दार उघडलं. पिंजऱ्याची कडी तशीच उघडी ठेवली.

सकाळी पेढ्याला पाला घालून कडी लावायचं काम मुक्ताचं होतं.

शाळेतून आल्यावर पेढा बाल्कनीतून पडून मेल्याचं कळलं, तेव्हा ती आधी रडली नाही. पिंजऱ्यापाशी गेली, कडी मागंपुढं करून बघितली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. माझा राग तिला माहीत होता. "पप्पा, मला वाटतं मी लावली होती. नसेल लावली. सॉरी."

आणि मी तिला माफ केलं. जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, म्हणालो, "असू दे बाळा, होतं असं." बायको बघतच राहिली. संध्याकाळी ती तिच्या आईला फोनवर सांगत होती, एवढा तापट माणूस, पण लेकीला एका शब्दानं बोलला नाही. मी आतल्या खोलीतून ऐकलं. मला बरं वाटलं. सशाला मारलं हे सांगताना जीभ एवढी अडली नाही, जेवढी इथं अडतेय — मला बरं वाटलं.

मुक्ता आता कॉलेजात आहे. गॅसचं बटण, गाडीचं लॉक, दाराची कडी — लावते, परत येऊन बघते, जिना उतरून गेली तरी पुन्हा वर येते. बायको कौतुकानं म्हणते, किती वेंधळी होती आणि किती जबाबदार झाली. घरात मांजर आणायचा विषय निघाला तेव्हा मुक्ता म्हणाली, "माझ्या भरवशावर नको काही." मी पेपर वाचत होतो. वाचत राहिलो.

परवा बाहेर निघालो तेव्हा तिनं दाराला कडी घातली, कुलूप लावलं, ओढून बघितलं. जिन्यातून परत फिरली. "पप्पा, तुम्ही एकदा बघा ना, नीट लागलंय का."

मी वर जाऊन बघितलं. नीट लागलं होतं. तिनं लावलेलं नेहमी नीटच लागलेलं असतं. त्या दिवशीही होतं.